घुमणारी खोली आणि फाटलेला आवाज

प्रवरेच्या कांठीं वसलेलें कोल्हार हें गांव नगर-मनमाड रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशांस नदीवरील पुलामुळें आणि भगवतीदेवीच्या देवळामुळें परिचित आहे. जिल्ह्याचें नांव आतां अहमदनगर जाऊन अहिल्यानगर झालें आहे. नदी, रस्ता आणि देऊळ मात्र आपापल्या जागीं आहेत. ह्या गांवांतील एका घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. पूर्वीं तेथें मातीच्या जाड भिंतींचें, माळवदाचें घर होतें. त्या जागीं आतां सिमेंटचें छत, गुळगुळीत फरशी आणि कांचेच्या खिडक्या असलेलें नवें घर उभें आहे. घरांत ऐंशी वर्षांची आजी आहे. जात्यावरच्या शेंकडों ओव्या तिला मुखोद्गत आहेत. कांहीं आईकडून आलेल्या, कांहीं सासूकडून, आणि कांहीं तिनें स्वतः जोडलेल्या. पुण्यास नोकरी करणारा नातू दिवाळीच्या सुटींत येतांना एक लहानसा मायक्रोफोन घेऊन आला आहे. आजीच्या ओव्या तिच्याच आवाजांत जपून ठेवाव्या, इतकाच त्याचा हेतु.

पहिल्याच संध्याकाळीं प्रयोग होतो. बाहेरच्या रिकाम्या खोलींत आजीला बसवून, समोरच्या टेबलावर मायक्रोफोन ठेवून, नातू अर्धा तास ध्वनिमुद्रण करतो. मग सर्वजण ऐकावयास बसतात, तों आजी जणूं एखाद्या खोल विहिरींत बसून गात आहे असें वाटतें. आणि जेथें जेथें तिचा सूर चढला, तेथें तेथें आवाज फाटून खरखरला आहे. आजी क्षणभर ऐकते आणि विचारते, "हा कुणाचा रे आवाज?"

अशा वेळीं बहुतेकांच्या मनांत एकच विचार येतो : मायक्रोफोन हलका आहे, महागाचा आणला पाहिजे. ह्या विचारानें पुष्कळ पैसा खर्च होतो आणि दोष बहुधा जेथल्या तेथें राहतो. उत्तम मायक्रोफोन म्हणजे अधिक तीक्ष्ण कान; घुमणाऱ्या खोलींत तो घुमाराही अधिक प्रामाणिकपणें टिपून घेतो. वैद्य जसा औषधाआधीं निदान करतो, तसें येथेंही प्रथम पाहावयास हवें कीं दोष कोणत्या दारानें आंत आला. दारें फार नाहींत. खोली, अंतर, यंत्राची जोडणी आणि आवाजाची पातळी हीं चार तपासलीं म्हणजे घरगुती ध्वनिमुद्रणांतले बहुतेक दोष सांपडतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांस खर्च लागत नाहीं.

मराठींत ह्या दोषांना नेमके शब्द आहेत. आवाज घुमतो, आणि आवाज फाटतो. दोन्ही एकाच वेळीं ऐकूं आले, तरी त्यांचीं कारणें सर्वस्वीं वेगळीं आहेत आणि उपायही वेगळे आहेत. एकावरील औषध दुसऱ्यास लागूं पडत नाहीं.

आधीं घुमण्याचा विचार करूं जातां, 'प्रतिध्वनि' आणि 'घुमारा' ह्यांतील भेद लक्षांत घ्यावा लागतो. विजापूरचा गोल घुमट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तेथली एक टाळी अनेक वेळां परत येतांना ऐकूं आली असेल. सुमारें ४४ मीटर व्यासाच्या त्या प्रचंड घुमटांत ध्वनीला दूर जाऊन परत यावें लागतें. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४५ मीटर आहे. मूळ आवाज आणि त्याची परतलेली प्रतिमा ह्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकें अंतर पडलें, म्हणजे कानाला दोन्ही निरनिराळीं ऐकूं येतात. त्यासाठीं भिंत निदान सतरा मीटर दूर हवी. कोल्हारच्या घरांतील खोलींत भिंत दोन मीटरांवर असते. तेथून ध्वनि सेकंदाच्या सुमारें ऐंशीव्या भागांतच परत येतो. कान त्याला मूळ आवाजापासून वेगळा काढूं शकत नाहीं. पण तो एकटा येत नाहीं. चारी भिंती, छत आणि फरशी ह्यांवर आपटत, शेंकडों वाटांनीं येत राहतो आणि शब्दाच्या मागें एक लांब शेंपूट सोडतो. एका शब्दाचें शेंपूट पुढच्या शब्दावर पडतें. लोक ह्यालाच प्रतिध्वनि म्हणतात. वस्तुतः हा घुमारा होय.

ह्या घुमाऱ्याचें पहिलें शास्त्रशुद्ध मापन अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सॅबिन ह्या तरुण प्राध्यापकानें केलें. १८९५ सालीं तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत व्याख्यात्याचा शब्द कोणासही कळेना. उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंदांपर्यंत घुमत राही. सॅबिननें जवळच्या नाट्यगृहांतील आसनांवरच्या गाद्या आणविल्या. रात्रीं, सर्वत्र सामसूम झाल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवून आणि हातांत घड्याळ घेऊन, एकेक गादी वाढवीत तो घुमारा किती घटतो तें मोजीत बसला. त्यांतून जो नियम निघाला तो आजही वापरला जातो. खोलीचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास ०.१६१ नें गुणावें आणि खोलींतील सर्व पृष्ठभाग मिळून जितका ध्वनि शोषतात त्या मापानें भागावें. ध्वनीची शक्ति दशलक्षांशावर उतरावयास किती सेकंद लागतील, तें उत्तर मिळतें.

हा हिशोब आजीच्या खोलीस लावून पाहण्यासारखा आहे. खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे जुन्या मापानें सुमारें तेरा फूट बाय दहा फूट आहे असें धरावें. तिचें घनफळ ३६ घनमीटर, आणि भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. गिलावा, फरशी आणि कांच हीं आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा शंभरांपैकीं सरासरी चार भाग शोषतात असें मानलें, तर घुमारा सुमारें २.२ सेकंद टिकतो. ओवीचा एक चरण संपून दुसरा सुरू झाला तरी पहिला भिंतींवर घोळतच असतो. विहिरीचा भास होतो तो ह्यामुळें.

आतां त्याच खोलींत चार मोठ्या, जाड गोधड्या भिंतींपासून चार बोटें दूर, दोरीवर टांगाव्या. त्यांचें क्षेत्रफळ दहा चौरस मीटर भरलें आणि बोलण्याच्या मध्यम स्वरांचा निम्मा भाग त्यांनीं शोषला, तर घुमारा २.२ सेकंदांवरून सुमारें ०.८ सेकंदांवर येतो. जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यांत गाद्यांची चवड, उघडीं कपाटें आणि त्यांतलीं लुगडीं ह्यांनीं तो आणखी उतरतो. गोधडी भिंतीला चिकटवून न लावतां किंचित् दूर टांगण्यास कारण आहे : भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते, आणि कापड तर हालत्या हवेला अडवूनच ध्वनि शोषतें. पातळ पडदा मात्र फारसा उपयोगी नाहीं. तो केवळ उंच स्वर गिळतो आणि खोली घोगरी करून ठेवतो. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचीं तबकें भिंतीवर चिकटविण्याची जी हौस ठिकठिकाणीं दिसते, तिचाही लाभ अल्पच. पुठ्ठा पातळ आणि हलका असल्यानें बोलीच्या मुख्य स्वरांस तो अडवूं शकत नाहीं.

खोली पाहण्याची सर्वांत सोपी परीक्षा टाळीची. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एकच टाळी वाजवावी. टाळीमागून पत्र्यासारखा फडफडणारा नाद आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती ध्वनीला एकमेकींकडे चेंडूप्रमाणें फेंकीत आहेत असें समजावें. दोहोंपैकीं एका भिंतीवर गोधडी टांगली कीं ती फडफड थांबते.

दुसरें दार अंतराचें. मायक्रोफोनला दोन गोष्टी ऐकूं येतात : तोंडांतून थेट येणारा आवाज, आणि खोलीनें परत पाठविलेला आवाज. तोंडापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं थेट आवाजाची उंची निम्मी होते. घुमारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. ज्या अंतरावर दोन्ही समसमान होतात, त्याच्या पलीकडे गेल्यास माणसापेक्षां खोलीच अधिक ऐकूं येते. आजीच्या उघड्या खोलीसाठीं हें अंतर काढलें तर तें सुमारें २३ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत भरतें. नातवानें मायक्रोफोन ठेवला होता चार हातांवर! गोधड्या टांगल्यावर हीच सीमा सुमारें ३८ सेंटिमीटरांवर जाते. म्हणून तोंडापासून वीतभर अंतर हें घरगुती ध्वनिमुद्रणाचें सोनेरी माप समजावें. एकाच दिशेनें ऐकणारा मायक्रोफोन असेल तर त्याची पाठ उघड्या भिंतीकडे आणि तोंड गाणाराकडे असावें. गाणाराच्या मागें जाड कापड असावें, कारण मायक्रोफोनची दृष्टि तिकडेच लागलेली असते.

आतां तिसरें दार. कधीं कधीं खोली शांत असते, अंतरही योग्य असतें, आणि तरीही प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येतो. हा दोष भिंतींचा नव्हे, जोडणीचा होय. गाणारानें हेडफोन लावला असतां त्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनीं ऐकूं येऊं शकतो : एक मायक्रोफोन जोडणाऱ्या पेटींतून तत्काळ, आणि दुसरा संगणकांतून फेरी मारून उशिरानें. संगणक ध्वनीचे नमुने थोडे थोडे सांठवून मग पुढें सोडतो. सेकंदास ४८,००० नमुने घेतले जात असतां एका वेळीं १,०२४ नमुन्यांचा सांठा ठेवला, तर जातांना सुमारें २१ सहस्रांश सेकंद आणि परततांना तितकेच, असा विलंब होतो. दोन्ही वाटा चालू राहिल्या कीं आवाजामागें त्याचीच सांवली चालूं लागते. दोहोंपैकीं एक वाट बंद करावी. दोष तेथेंच मिटतो. ह्याचाच भाऊबंद असा दुसरा दोष म्हणजे ध्वनिमुद्रण चालू असतां संगणकाचा ध्वनिवर्धकही चालू राहणें. मग त्यांतून निघालेला आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळीं ध्वनिवर्धक बंद आणि ऐकणें केवळ हेडफोनमधून, हा नियम कधींही मोडूं नये.

हा दोष ओळखण्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. झालेलें मुद्रण दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या हेडफोनमधून ऐकावें. तेथें दुहेरी आवाज नसेल तर मुद्रण शुद्ध आहे. दोष फक्त ऐकण्याच्या वाटेंत होता. कित्येकांनीं ही परीक्षा न करतां चांगलीं मुद्रणें पुसून टाकलीं असतील!

चौथें दार फाटण्याचें. ध्वनि म्हणजे हवेची वरखाली होणारी लाट. यंत्र त्या लाटेची उंची प्रत्येक क्षणीं आंकड्यांत लिहून ठेवतें. नेहमींच्या सोळा अंकस्थानांच्या मुद्रणांत सर्वांत मोठा आंकडा ३२,७६७ हा आहे. लाट ह्याहून उंच गेली तर तिचा माथा लिहावयास आंकडाच उरत नाहीं. मग यंत्र तिचा माथा छाटून टाकतें. पडद्यावर मुद्रणाची आकृति मोठी करून पाहावी : निरोगी लाटेचा माथा टेंकडीसारखा गोल असतो, छाटलेल्या लाटेचा माळवदासारखा सपाट. त्या सपाटीच्या कडा कानाला खरखर म्हणून जाणवतात. जो भाग लिहिलाच गेला नाहीं, तो मागाहून आणतां येत नाहीं. दुरुस्तीचीं साधनें तो कसा असावा ह्याचा तर्क करूं शकतात. साक्ष देऊं शकत नाहींत.

उपाय सोपा आहे : माथ्यावर मोकळी जागा ठेवावी. मापनपट्टीवर कमाल मर्यादा शून्य डेसिबेल अशी दाखविलेली असते आणि त्याखालचे आंकडे उणे असतात. गाणाराचा सर्वांत चढा सूर उणे बारा डेसिबेलच्या आसपास पोंचावा अशा बेतानें यंत्राची कळ लावावी. म्हणजे लाट मर्यादेच्या एकचतुर्थांश उंचीवर राहते आणि अचानक चढलेल्या सुरास पुरेसा अवकाश मिळतो. मुद्रण हळू झालें तर पुढें वाढवितां येतें. फाटलें तर शिवतां येत नाहीं. ही पातळी लावतांना गाणारास हळू बोलावयास सांगूं नये. ओवींतील सर्वांत चढी ओळ पूर्ण आवाजांत म्हणवून घ्यावी, कारण चाचणीच्या वेळीं माणूस संकोचानें दबकून बोलतो आणि रंगांत आल्यावर दुप्पट गातो.

येथें एक चूक वारंवार होते. आवाज फाटलेला दिसतांच संगणकांतील सरकती पट्टी खालीं ओढली जाते. पण लाट जर मायक्रोफोन जोडणाऱ्या पेटींतच छाटली गेली असेल, तर पट्टी ओढून केवळ फाटलेला आवाज लहान होतो. लाटेचा माथा कमाल मर्यादेच्या पुष्कळ खालीं असूनही सपाट दिसत असेल, तर छाटणी आधींच कोठेंतरी झाली आहे असें निश्चित समजावें आणि पेटीवरील पहिली कळ कमी करावी. मोबाईलवर मुद्रण करीत असल्यास, आवाजाची पातळी आपोआप चढउतार करणारी आणि पार्श्वभूमीचा आवाज पुसणारी योजना शक्य असल्यास बंद ठेवावी. ती योजना दूरध्वनीवरील संभाषणासाठीं ठीक आहे. लांबविलेल्या सुराला मात्र ती गोंगाट समजून खाते.

फाटण्याचें आणखी एक सोंग आहे, आणि तें मराठी भाषेंत विशेष दिसतें. फ, भ, ठ, ध, घ हे महाप्राण वर्ण उच्चारतांना तोंडांतून श्वासाचा झोत बाहेर पडतो. तोंडासमोर तळहात धरून 'भाऊ' म्हणून पाहावें. हा झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला कीं धप्पकन् आवाज येतो आणि पातळी क्षणांत मर्यादेबाहेर जाते. ओवींत भाऊ, पंढरी, विठ्ठल हे शब्द तर पावलोपावलीं यावयाचे! मायक्रोफोन दूर सारून हा दोष जातो, पण घुमारा परत येतो. त्यावर तोड अशी कीं अंतर वीतभरच ठेवावें, परंतु मायक्रोफोन तोंडाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूस, ओठांकडे तिरका रोखून ठेवावा. श्वास सरळ पुढें निघून जातो. ध्वनि मात्र सर्व दिशांस पसरतो. मध्यें भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेलें पातळ कापड धरल्यास उरलासुरला झोतही मोडतो.

राहिला जात्याचा प्रश्न. ज्या आजीनें जन्मभर दळतां दळतां ओव्या म्हटल्या, तिला हात रिकामे ठेवून गावयास सांगितलें तर ओवी आठवतेच असें नाहीं; जात्याची फेरी हाच तिचा ताल असतो. म्हणून जातें फिरूं द्यावें. मायक्रोफोनचा पाय मात्र त्याच फरशीवर उघडा ठेवूं नये. दुमडलेल्या घोंगडीवर तो ठेवला म्हणजे जमिनींतून येणारी घरघर बरीच अडते. पुढें संपादनाच्या वेळीं ८० हर्ट्झच्या खालचे स्वर कापले असतां उरलेली घरघर आणि महामार्गावरील मालमोटारींची दूरची गुरगुर ह्यांचा मोठा भाग निघून जातो. स्त्रीकंठाचा मूळ स्वर त्याहून वर असल्यानें गाण्यास धक्का लागत नाहीं.

ह्या साऱ्या खटाटोपाचें मोल काय, असें कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्या दोघांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेनें त्या लोकांपुढें आणण्यास आरंभ केला, आणि त्यांतील कित्येकींसोबत गाणाऱ्या बायकांचा आवाजही ऐकावयास मिळतो. कागदावरची ओवी आणि कंठांतली ओवी ह्यांत किती अंतर आहे, तें तेथें कळतें. शब्द उतरवून घेतां येतात; कोठें सूर थांबला, कोठें श्वास जड झाला, कोणत्या नांवापाशीं आवाज हळवा झाला, हें मुद्रणांतच राहतें. परंतु गिरण्या आल्या आणि घरोघरचीं जातीं थांबलीं. ज्यांना ओव्या येतात त्या स्त्रिया आतां वृद्ध आहेत. गायक पुन्हां गाऊं शकतो, भाषण पुन्हां करतां येतें. आजीची ओवी पुढच्या दिवाळींत पुन्हां मिळेलच असें कोणीं सांगावें?

म्हणून दुरुस्तीचा भरंवसा मागाहूनच्या साधनांवर ठेवूं नये. घुमारा कमी करणारीं संगणकीय साधनें आज उपलब्ध आहेत आणि जुन्या, दुसरा उपाय नसलेल्या मुद्रणांना त्यांचा उपयोग होतो. पण तीं घुमाऱ्याबरोबर व्यंजनांच्या कडाही झिजवितात, आणि प्रमाण वाढलें कीं आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. अशा साधनांचा प्रयोग नेहमीं प्रतीवर करावा; मूळ मुद्रण जसेंच्या तसें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेवावें.

कोल्हारच्या त्या घरांत दुसरा प्रयत्न पहाटे होतो. ओवीची जुनी वेळही पहाटेचीच, आणि रस्ता त्या वेळींच जरा निवान्त असतो. पंखा बंद आहे, मोबाईल दुसऱ्या खोलींत आहे. दोरीवर गोधड्या टांगल्या आहेत. त्या आजीनेंच आपल्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. मायक्रोफोन वीतभर अंतरावर, तिरका, घोंगडीवर उभा आहे. नातू आधीं एक मिनिटाचें मुद्रण करतो, तें ऐकतो, कळ थोडी उतरवितो, आणि मगच आजीला खूण करतो. नवें कांहींही विकत आणलेलें नाहीं.

दळण संपल्यावर आजी हेडफोन कानांस लावते. ह्या वेळीं ती कुणाचा आवाज म्हणून विचारीत नाहीं. थोडा वेळ ऐकून ती एवढेंच म्हणते, "एक ओवी मधली राहिली. ती म्हणूं का?"